कृष्णनाथ एक, कृष्णनाथ दोन

॥ श्री ॥

सर्वण, डिचोली

राजमान्य राजेश्री अनंतराव कोरगावकर, मुक्काम तुये, तालुका पेडणे, यांना सर्वणहून सदाशिव कारापूरकर याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडील सर्व क्षेम असे पत्राच्या सुरुवातीला लिहायचे असते. ते मी लिहीत नाही, कारण ते खरे नाही, आणि सध्या माझ्या हातून काही खोटे कागदावर उतरू नये अशी घरात सक्त ताकीद आहे. तिकडचे क्षेम मात्र मनापासून विचारतो. आपली साखर आटोक्यात असेल. विहीणबाईंची (अजून विहीणबाई म्हणायची मुभा आहे असे धरून चालतो) कंबर आता बरी असेल. आपल्या घरच्या वडीलधाऱ्या गंगाआतेंचे प्रेशर उतरले असेल, आणि उतरले नसल्यास त्याला कारण मीच, हे मला ठाऊक आहे. जावईबापू चि. कृष्णनाथ यांची प्रकृती उत्तम असेल. ती उत्तम आहे, ते हिंडतात-फिरतात, तुयेच्या कारखान्यात वेळेवर ड्युटीला जातात, असे मी डिचोलीच्या बाजारात भेटेल त्याला न विचारता सांगत असतो. लोक 'देव बरे करो' म्हणतात आणि माझ्याकडे दयेने बघतात.

आपण माझा फोन घेत नाही. व्हॉट्सॲपवर मी एवढा मोठा खुलासा पाठवला, त्यावर आपण जोडलेल्या हातांचे एक चित्र पाठवलेत. ते नमस्काराचे हात की 'पुरे आता' असे म्हणणारे हात, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. मग परवा दोन्ही घरांतली बोलणी करणारा विठ्ठल आला आणि उंबऱ्यातच उभा राहून आपला निरोप सांगून गेला, की लग्नाचे पुढे बघू. अनंतराव, मी याच मुलखातला माणूस आहे. आमच्याकडे 'पुढे बघू' याचा अर्थ काय होतो ते मला सांगायला नको. पेडण्याच्या रजिस्ट्रारकडे मुलांची पहिली सही झाली आहे, दुसरी व्हायची आहे, आणि ती होईपर्यंत कायद्याने दोघेही मोकळी आहेत. माझी लेक सिद्धी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, आणि बोलायचे असेल ते आईला सांगते, मी समोर बसलेला असताना. म्हणून हे पत्र, आणि तेही हाताने लिहिलेले. संगणकावरून माझे मन उडाले आहे. जे झाले ते सगळे, काही न लपवता, आपल्यापुढे ठेवतो. मग आपण काय ते ठरवा.

आमच्या प्रेसमध्ये दोन संगणक आहेत. पुढच्या खोलीतला सिद्धीचा, नवा, चपटा, आवाज न करणारा. मागच्या खोलीतला माझा. त्याच्या पोटात विंडोज अठ्ठ्याण्णव आहे आणि आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात, म्हणून प्रेसमध्ये त्याचे नाव जनेल पडले ते पडलेच. आमच्या सौ. सुलोचनाने त्याच्यासाठी विणलेला रुमाल अजून त्याच्या डोक्यावर आहे. लोक विचारतात, हे धूड का ठेवलेय? अहो, त्याच्यात माझी अक्षरे आहेत. मराठी जुळणीचा जो प्रोग्रॅम मी तेव्हा घेतला, तो एका किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली म्हणजे संगणकाच्या पाठीत, प्रिंटरची जाड वायर लावतात तिथे खोचायचा एक ठोकळा. नव्या संगणकाच्या पाठीत ती जागाच नाही. आणि प्रोग्रॅम देणारी कंपनी मालकासकट कुठे गडप झाली ते देवालाच माहीत. त्या प्रोग्रॅममधला 'ळ' आपण एकदा बघा. नव्या अक्षरांतला 'ळ' बघितला की मला चकली पडल्यासारखे वाटते. सिद्धीला हे पटत नाही. ती म्हणते, बाबा, पत्रिका लोक तारखेसाठी बघतात, 'ळ'साठी नव्हे. असे म्हणणाऱ्या पोरीला मी काय उत्तर देणार? (आणि आता तर ती बोलतच नाही, त्यामुळे उत्तर सुचले तरी उपयोग नाही.)

त्या जनेलवर मी केलेले पहिले काम कोणते, ते आपल्याला आठवत असेल. नसेल तर आठवण देतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आपले तीर्थरूप कृष्णनाथबाब गेले तेव्हा त्यांच्या बाराव्याचा कागद आपण माझ्याकडे छापलात. आपण स्वतः आला होता. मागच्या खोलीत कदेलवर, त्या जुन्या खुर्चीवर, बसलात, मी एकेक शब्द विचारत गेलो, आपण सांगत गेलात, मधेच आपल्याला रडू आले आणि मी काम थांबवून पावाचे उंडे आणि चहा मागवला. तीच आपली-माझी ओळख. उठताना आपण विचारलेत, कागद सांभाळून ठेवाल ना? आणि मी मोठ्या दिमाखात म्हणालो, अनंतराव, हे मशीन काही विसरत नाही. ते दुर्दैवाने खरे ठरले.

पुढच्याच वर्षी आपल्याला मुलगा झाला आणि आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे त्याला गेलेल्या आजोबांचे नाव मिळाले. रिवाज चांगलाच आहे, माझा काही आक्षेप नाही. पण आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक अनंत, मग एक कृष्णनाथ, पुन्हा अनंत, पुन्हा कृष्णनाथ, असे चालत आल्यामुळे आजोबा कृष्णनाथ अनंत कोरगावकर आणि नातूही कृष्णनाथ अनंत कोरगावकर. बापाचे नाव, आडनाव, गाव, घर, सगळे तेच. माणसांना यात काही अडचण येत नाही, कारण एक भिंतीवर असतो आणि एक जेवायला बसतो. संगणकाला भिंत दिसत नाही.

आता या दोन संगणकांच्या मधे तार कुठून आली ते सांगतो. जनेलवरचे काम सिद्धीच्या संगणकावर न्यायचे म्हणजे पूर्वी फ्लॉपी होती. फ्लॉप्यांना बुरशी आली. पेन ड्राइव्ह खोचला तर जनेल दारात आलेल्या मीटर-रीडिंगवाल्याकडे बघावे तसे त्याच्याकडे बघते, आत घेत नाही. तरी आमचे चालले होते. मी मजकूर छापून द्यायचा, सिद्धीने कव्हर छापायचे, घडी घालून एकात एक बसवायचे. पण लग्न ठरले. पोर तुयेला जाणार, मग ह्या दोन संगणकांची भाषा एकमेकांना कोण सांगणार? (मला पुढच्या खोलीतल्याचे बटणसुद्धा सापडत नाही, ते बटण नाही म्हणे, नुसते स्पर्श करायचे.) तेव्हा सिद्धीनेच उपाय काढला, की दोघांच्या मधे एक पेटी बसवू, दोघांचे सगळे कागद त्या पेटीत राहतील, आणि मी तुयेहूनसुद्धा त्यात बघू शकेन. अनंतराव, खरे सांगतो, मला त्या पेटीचे काही पडले नव्हते. पोर लग्नानंतरही रोज प्रेसमध्ये डोकावेल, एवढेच मला ऐकू आले. मी लगेच हो म्हटले.

पेटी बसवायला साखळी गावाहून सुदेश आला. संगणक दुरुस्त करतो, माणूस सज्जन, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सोपे आहे' म्हणतो. मी विचारले, या पेटीत चालते ते काय? तो म्हणाला, सांबा. मी नमस्कार केला. माझे नाव सदाशिव, पेटीत सांब, म्हणजे सांब सदाशिव! याहून चांगला शकुन कुठला? मी पेटीला हळदकुंकू लावले आणि नारळ फोडला. (सांबा हा परदेशातला नाच आहे हे मला नंतर सिद्धीने आईमार्फत कळवले. नारळ वाया गेला असे मी म्हणणार नाही, पण तो सोलकढीला लागला असता.)

पेटी लावली आणि जनेलला ती दिसेना. जनेलवर एक चित्र आहे, त्याच्यावर टिचकी मारली की शेजारचे संगणक दिसतात, त्याचे नावच मुळी शेजार. तर शेजारात कोणी नाही! तारेला तार जोडलेली, दिवे लुकलुकताहेत आणि शेजार ओसाड. सुदेश घाम पुसत बसला. शेवटी कळले, की प्रत्येक संगणकाला आपण कुठल्या गटातले ते सांगावे लागते. जनेलने गाव विचारल्यावर मी डिचोली घातले होते, जसे आपण बोलतो तसे. सिद्धीने पेटीला बिचोलिम घातले होते, जसे सरकारी पाट्यांवर असते तसे. जनेल आणि पेटी दोघे एकाच मेजावर, मधे सुपारीचा डबा, पण एक डिचोलीला राहतो आणि दुसरा बिचोलिमला. आपल्याला यात हसू येणार नाही, कारण आपण स्वतः पेडण्याला राहता आणि आपली पत्रे पर्नेमला येतात.

गाव एक केले तर दुसरे विघ्न. सुदेशने सांगितले, की जनेलची बोली जुनी आहे. या जुन्या बोलीत चोरांना शिरता येते म्हणून नव्या पेट्या ती ऐकूनच घेत नाहीत, कानावर हात ठेवतात. त्यात आमच्या जनेलची खोड अशी, की पासवर्ड कसाही लिहा, जनेल तो आधी सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत करते, मग त्याचे दोन तुकडे करते आणि मग पाठवते. म्हणजे मी फोनवर बोलतो तसे, सर्वणच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे. नव्या पेटीला हवे असते सुलोचना शेजारणीशी बोलते तसे, समोर उभे राहूनही कळू नये असे. सुदेशने पेटीला जुनी बोली ऐकायची परवानगी दिली आणि म्हणाला, ही परवानगी द्यायची नसते, पण तुमच्यासाठी देतो. माझा ऊर भरून आला. आता कळते की तिथेच उठून निघून यायला हवे होते.

तिसरे विघ्न निवडणुकीचे. (आपल्याला कंटाळा आला असेल तर क्षमा करा, पण अर्धवट सांगितले तर माझाच दोष दिसेल.) हे संगणक एका गटात आले की त्यांच्यात निवडणूक होते. खरेच होते, सुदेशने शपथ घेतली. शेजारी कोण कोण आहे याची यादी कोणी ठेवायची, तो मान कोणाचा, यावर ते आपसांत मतदान करतात. जनेल इतकी वर्षे एकटे, म्हणजे बिनविरोध. पेटी आली तशी जनेलने निवडणूक पुकारली आणि पडले. पुन्हा पुकारली, पुन्हा पडले. सुदेशने पेटीचे वजन आधीच वाढवून ठेवले होते. प्रत्येक पराभवानंतर जनेल यादीतून गायब व्हायचे आणि बराच वेळ रुसून मग परत यायचे. आमच्या देवळाच्या समितीत मी हे पाहिलेले आहे, त्यामुळे मला त्यात नवल वाटले नाही. मी जनेलला सांगितले, मान जाऊ दे, तू काम कर.

आणि ते काम करू लागले! आपल्या बाजूची पत्रिकाही आमच्याच प्रेसमध्ये व्हावी असा आग्रह मीच धरला होता. मजकूर मी स्वतः जुळवला. आमचे चिरंजीव कृष्णनाथ, अशी सुरुवात, 'ळ' सगळे जागच्या जागी. शुद्धलेखन मी तपासले, आपण तपासलेत, गंगाआतेंना वाचून दाखवलेत. मजकूर पेटीत पाठवला. आता नीट लक्ष द्या. माझा प्रोग्रॅम जनेलपेक्षाही म्हातारा. त्याला लांब नावे कळत नाहीत. तुम्ही प्रेमाने कृष्णनाथ कोरगावकर असे नाव द्या, तो इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली सहा अक्षरे घेतो, म्हणजे क्रिश्नपर्यंत येऊन थांबतो, पुढे शेपटीसारखी एक नागमोडी रेघ मारतो आणि एक आकडा घालतो. पहिला आला त्याला एक, दुसरा आला त्याला दोन. जनेलवर एक कोण? आपले तीर्थरूप. ते आधीपासून तिथे बसलेले. पेटी मात्र नवी कोरी. तिच्यात तोवर कोणीच कृष्णनाथ नव्हता, म्हणून लग्नाच्या मजकुराला तिने एकचा आकडा दिला. इथपर्यंत कोणाचे काही चुकले नाही, हे आपणही मान्य कराल.

मग सुदेश म्हणाला, जनेल कधीही राम म्हणेल, तेव्हा त्यातले सगळे जुने काम पेटीत टाकून ठेवा, सोपे आहे. मी टाकू लागलो. आयुष्यभराचे काम, सगळी लग्ने, मुंजी, बारावी, सत्यनारायण, एकामागून एक पेटीत जाऊ लागले आणि मधेच पडद्यावर प्रश्न आला. इंग्रजीत होता. अर्थ असा, की क्रिश्न एक तिथे आधीच आहे, त्याच्या जागी हा बसवू काय? अनंतराव, दिवसभरात ते मशीन मला इतके प्रश्न विचारते, की मी सगळ्यांना हो म्हणतो. मी हो म्हटले. आजपर्यंत आपल्या घराण्यात आजोबांच्या जागी नातू येत होता. माझ्या एका होकाराने नातवाच्या जागी आजोबा येऊन बसले.

पुढचे आपल्याला माहीत आहे, पण त्यात माझ्या पोरीचा काडीइतकाही दोष नाही हे कळावे म्हणून लिहितो. कव्हर तिचे, ते सुंदरच होते, गणपती, कलश, दोघांची नावे सोनेरी. आतला कागद माझा. मी पेटीतला एक नंबर काढून छापायला लावला. आमच्या प्रिंटरमधून कागद पालथे येतात. मी ते उलटून बघितले नाहीत, कारण स्वतः तपासलेला मजकूर मी पुन्हा तपासत नाही, असे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत आलो आहे. घड्या सुलोचनाने घातल्या, टीव्हीवरची मालिका बघत. तिला विचारले तर म्हणते, मला घडी घालायला सांगितली होती, वाचायला नव्हे.

पहिली पत्रिका आपण रीतीप्रमाणे ग्रामदेवतेपुढे ठेवलीत. देवीने ती वाचली की नाही ते मी सांगू शकत नाही, पण तिने काही खूण तरी द्यायला हवी होती. बाकीच्या गावभर गेल्या. वर शुभविवाह, आत दुःखद निधन. वर चि., आत कै. खाली आपलेच नाव, अनंत कृष्णनाथ कोरगावकर आणि परिवार, कारण तेव्हाही आपणच, आताही आपणच. साल छापायची पद्धत त्या काळी नव्हती, नुसते सोमवारी राहत्या घरी एवढेच. एखाद्याला तरी वाटायला हवे होते की काहीतरी गफलत आहे. पण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एकाही माणसाला तसे वाटले नाही. सगळ्यांनी एकच अर्थ लावला, की लग्न ठरले होते, कव्हरे छापून झाली होती, मुलगा बिचारा गेला, आणि सदाशिव कारापूरकराने तीच कव्हरे बाराव्याला वापरून टाकली. माझ्या काटकसरीबद्दल लोकांना केवढी ही खात्री! अनंतराव, तुमच्या घरावरच्या संकटाखालोखाल मला याचेच वाईट वाटले.

सोमवारी लोक आपल्या घरी आले. शेजारचे बाबलीकाका सगळ्यांत पुढे, डोळ्यांना रुमाल लावून. दार कृष्णनाथांनीच उघडले, त्यांना त्या दिवशी सुट्टी होती. बाबलीकाकांना नीट दिसत नाही, त्यांनी कृष्णनाथांनाच मिठी मारून विचारले, कशान गेलो रे? आणि जावईबापूंनी त्यांना हाताला धरून कदेलवर बसवले आणि म्हणाले, काका, हांव अजून आसां. मी अजून आहे. मग म्हणे त्यांनी सगळ्यांना चहा दिला. विठ्ठलने हे सांगितले तेव्हा माझे डोळे भरून आले. असा जावई हातचा जाणार या भीतीने मला तेव्हापासून धड झोप नाही, अन्न गोड लागत नाही. माझ्या मुलीला याच्यापेक्षा चांगला नवरा मी शोधूच शकलो नसतो, आणि हा तर मी शोधलेलाही नव्हता, तिनेच शोधला.

गंगाआते म्हणतात हा अपशकुन. त्या मोठ्या, मी त्यांच्यापुढे काय बोलणार? पण त्यांनाच विचारा, जिवंत माणूस गेल्याची आवई उठली तर त्याचे आयुष्य वाढते असे आपल्याकडे म्हणतात की नाही? इथे तर आवई नुसती उठली नाही, छापली गेली, पाकिटात घालून घरोघर पोचवली गेली. त्या हिशेबाने कृष्णनाथांना केवढे आयुष्य मिळाले असेल! माझी सिद्धी अखंड सौभाग्यवती राहील याची एवढी तजवीज कुठल्या बापाने केली असेल?

तरीही चूक ती चूकच. कानाला खडा. आपल्या पायाची शपथ घेऊन सांगतो, ते जनेल मी प्रेसमधून काढतो. लग्नाच्या नव्या पत्रिका सिद्धी तिच्या संगणकावर, नव्या अक्षरांत करील, चकलीच्या 'ळ'सकट, आणि मी ब्र काढणार नाही. फक्त पुढे बघू म्हणू नका. मुलांनी काही केलेले नाही. शिक्षा द्यायचीच तर मला द्या, मी तुमच्या अंगणात येऊन बाबलीकाकांसमोर कान धरून उभा राहीन.

विहीणबाईंना सौ. सुलोचनेचा नमस्कार. गंगाआतेंच्या पायांवर डोके ठेवतो. लोभ होता, तो आटला असल्यास थोडा शिल्लक असेल तेवढा तरी असू द्यावा.

आपला (होऊ घातलेला) व्याही,
सदाशिव कारापूरकर

ता.क. खरे काम लिहायचे राहिले. दुसऱ्या सहीची तारीख जवळ आली आहे. त्या दिवशी कृष्णनाथांना पेडण्याला पाठवावे. तिथे माणूस स्वतः हजर असल्याशिवाय सही घेत नाहीत, त्यामुळे ते हयात असल्याचे सरकारदरबारीही नोंद होईल आणि लोकांची तोंडे बंद होतील. आपणही या. मी दारातच उभा असेन.

ता.क. दुसरा. वरचे लिहीत होतो तेवढ्यात सिद्धी मागे येऊन उभी राहिली. सगळे पत्र वाचले. मग इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिले वाक्य बोलली. म्हणाली, बाबा, 'आशीर्वाद' शब्दच नाही अख्ख्या पत्रात, जावयाला आशीर्वाद तरी लिहा. लिहितो. चि. कृष्णनाथांना अनेक आशीर्वाद. मग तिने सांगितले, की त्या चुकलेल्या पत्रिकेची एक प्रत कृष्णनाथांनी पाकिटात जपून ठेवली आहे, आणि सहीला ते येणारच आहेत, आपण पाठवा वा न पाठवा. हे मी आपल्याला लिहिल्याचे तिला सांगू नका.

ता.क. तिसरा. शपथेप्रमाणे जनेल प्रेसमधून काढले. आता ते घरी आहे, सर्वणला, रुमालासकट. हे पत्र हाताने लिहिले आहे हे खरेच, पण कच्चे आधी त्याच्यावरच जुळवले होते, नाहीतर शुद्धलेखन कसे तपासणार? ते मी अनंत कोरगावकर या नावाने ठेवले. त्याला अर्थातच एकचा आकडा मिळाला. तेव्हा मनात आले, उद्या देवाच्या दयेने नातू झाला, बारशाची पत्रिका मीच करणार, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे आजोबांच्या माघारी त्याला त्यांचे नाव गेले, तर अनंत कृष्णनाथ कोरगावकर, पुन्हा एक आणि दोन, पुन्हा तोच प्रश्न, आणि मी पुन्हा हो म्हणणार. मला आता हे झेपणार नाही. तरी एवढी व्यवस्था आपण कृपा करून करावी, की नातवाला आपले नाव देण्याची वेळ येऊ नये, त्याला दुसरेच काहीतरी नाव शोधावे लागावे. साखर सांभाळा. गोळी चुकवू नका.